एराई म्हणजे शाब्बास: जपानच्या एका डोंगरगावातले दोन आठवडे

पाडव्याच्या सकाळी सहाला आम्ही लातूर सोडलं. आठ पोरं, मी, आणि धपाट्यांचे इतके डबे की गाडीवाला म्हणाला, "मॅडम, जपानात दुष्काळ पडलाय का?"

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जपानी शिकवते. शनिवार-रविवार नांदेडला जाऊन तिथली एक बॅच घेते. अकरा वर्षं झाली. नीट-जेईईच्या पाट्यांच्या जंगलात माझी 'जपानी भाषा' ही पाटी बघून लोक आधी हसायचे. आता पालक पोरांना घेऊन येतात आणि "तिकडं नोकरी लागती म्हणं?" असं विचारतात. बोलण्या-बोलण्यातून ही सहल ठरली. दोन आठवडे, जपानी कुटुंबांत राहायचं, त्यातले पाच दिवस गावातल्या कुठल्यातरी कामावर जायचं. पाच पोरं लातूरची, तीन नांदेडकडची, सगळी अकरावी-बारावीची.

कुणाला असं जायचं असेल तर मुंबईच्या नादी लागू नका. उदगीर, बीदर, जहीराबाद करत हैदराबाद सात तासांत गाठता येतं. बीदरपर्यंत रस्ता अधूनमधून हाडं मोजतो, पुढे लोण्यासारखा आहे. आम्ही बँकॉकला विमान बदलून ओसाकाला उतरलो. शाकाहारी मंडळींनी शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे नक्की न्यावेत, कारण तिथे साध्या दिसणाऱ्या पाणीदार सूपातही मासा विरघळलेला असतो. भाताचे त्रिकोणी गोळे कुठल्याही दुकानात दीड-दोनशे येनला मिळतात. आत उमेबोशी, म्हणजे खारवलेला आंबट आलूबुखार, असलेला मागा, त्यात बहुतेक मासा निघत नाही.

ओसाकाहून बसनं समुद्रावरचे लांबच लांब पूल ओलांडून आम्ही शिकोकू बेटावर आलो आणि मग दुसऱ्या, छोट्या बसनं डोंगरात शिरलो. नदी खाली खोल, हिरवी. दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंच, काळपट झाडं. दुपारचे तीन वाजले होते तरी दरीत ऊन पोचत नव्हतं.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. का, ते कळेलच.

बस थांबली तिथे थांब्याच्या बाकावर चार माणसं बसली होती. दोन म्हातारे, एक बाई, मांडीवर बाळ. पोरांनी शिकवल्याप्रमाणे ओळीत उभं राहून, कमरेत वाकून एका सुरात नमस्कार केला. कुणी उत्तर दिलं नाही. पोरं वाकलेलीच. मीही वाकलेली. मग नायगावचा ओंकार हळूच पुढं सरकला आणि ओरडला, "मॅडम, हे तर बुजगावणं हाय!"

कापडाचे चेहरे, बटणांचे डोळे, आत कापूस आणि वर्तमानपत्रं. अंगावर मात्र खरे, वापरलेले कपडे. गावात असे शेकडो आहेत. शेतात वाकलेले, ओट्यावर चहा पिणारे, पुलावर गळ टाकून बसलेले. गावात जिवंत माणसं आता तीसच्या आत. कुणी वारलं किंवा शहरात मुलाकडे निघून गेलं की मागे राहिलेली माणसं त्याच्या मापाचा बाहुला करून त्याच्या जागी बसवतात. बंद पडलेल्या शाळेतही आम्हाला नेलं. वर्गात बाकांवर बारा बाहुले, फळ्यापाशी एक मास्तरीण. तिच्या हातात खडू होता. पोरं नेहमी फोटोंसाठी भांडतात. त्या वर्गात कुणी मोबाईल काढला नाही.

मी आणि शिवकन्या मोरी आजींकडे उतरलो.

शिवकन्याबद्दल सांगायला हवं. ही रेणापूरची. वडील मन्मथप्पा, शेती आणि बी-बियाणांचं दुकान. लिंगायताचं घर, अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळे तिच्यासाठी मोरी आजी समुद्री शेवाळाच्या पाण्यात भाजी शिजवायच्या. शिवकन्या अभ्यासात यथातथाच. जपानी लिपी तिला अजून नीट येत नव्हती. पण कान! एकदा ऐकलं की हुबेहूब. रेणापूरच्या एसटीचा कंडक्टर, आमचे प्राचार्य, विमानातली घोषणा करणारी बाई, सगळे तिच्या गळ्यात. मी मात्र तिला सारखी टोकत असे. "हाय नाही, आहे. न्हाई नाही, नाही." पुण्यात शिकताना माझ्या बोलण्यावर वसतिगृहातल्या मुली तोंडावर हात धरून हसल्या होत्या, माझ्या पोरांवर ती वेळ येऊ नये, एवढाच माझा हेतू.

घर लाकडी, नीटनेटकं आणि इतकं शांत की आपला गिळण्याचा आवाज आपल्याला ऐकू यावा. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून एक संथ सूर वाजला. मोरी आजी म्हणाल्या, "मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून वाजवतात." गावात मूल एकही नाही. सूर रोज वाजतो. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा खिडकीतून मला समोरच्या शेतातले तीन बाहुले दिसत होते, आणि खरं सांगते, ते आता उठून घरी जातील असं वाटून मी पडदा ओढला.

सोमवारपासून कामं सुरू झाली. ओंकार टोफू करणाऱ्याकडे, दोघी चहाच्या कारखान्यात, बाकीचे लाकूड कापायच्या जागी. शिवकन्याला डब्याच्या गाडीवर दिलं. एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांना रोज दुपारी जेवणाचा डबा पोचवायचा. अकरा घरं. डबा हे निमित्त. खरं काम म्हणजे माणूस ठीक आहे ना बघायचं. कागदावर प्रत्येक नावापुढे खूण करायची. गाडी चालवणारे ओकादा, साठीचे गृहस्थ, गुडघ्यांनी बेजार. शेवटचं घर तानी आजोबांचं, रस्त्यापासून साठ-सत्तर दगडी पायऱ्या वर. धडधाकट पोरगी मिळाली म्हणून ओकादांना हायसं झालं. ते गाडीतच थांबायचे. "लाजाळू माणूस आहे," ते म्हणाले. "दार जास्त उघडत नाही. आवाज आला की झालं."

त्या संध्याकाळी शिवकन्या पाय चोळत म्हणाली, "मॅडम, त्या वरच्या घरातलं म्हातारं दिसलंच न्हाई. दार इतकंसं सरकलं अन् फकस्त हात आला." तिनं आपल्या कमरेपाशी हात धरून दाखवला. "डबा घेतला. अन् म्हनलं, एराई."

"एराई म्हणजे शाब्बास," मी म्हणाले. "कौतुक केलं तुझं. लहान मुलांना म्हणतात, शहाणी गं माझी बाई, तसं. मग तू काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हनलं."

"नुसतं थँक्यू नाही म्हणायचं. जपानी माणूस कौतुक कधी तसंच घेत नाही. म्हणायचं, मादा मादा देस. म्हणजे, छे, अजून कुठं, अजून बरंच बाकी आहे."

तिनं ते दोनदा घोकलं. मोरी आजी भाजी चिरता चिरता हसल्या. सूर वाजून गेला होता.

मंगळवारी ती परतली. जेवताना म्हणाली, "मॅडम, आज हात खालून आला."

"म्हणजे?"

"काल इथून. आज इथून." तिनं गुडघ्यापाशी हात नेला.

जपानी जुन्या घरात दारातून आत गेलं की चपला काढायची सिमेंटची खोलगट जागा असते, आणि मग गुडघाभर उंच ओटा. "ओट्यावर बसले असतील," मी म्हणाले. "म्हातारं माणूस किती वेळ उभं राहणार?"

"एराई म्हनलं. तीनदा."

"बघ. आवडलीस तू त्यांना. उत्तर दिलंस का?"

"हाव. मादा मादा देस म्हनलं. वाकून." मग ताट सरकवत, "पन मॅडम, शाब्बासवानी वाटत न्हाई."

आता लिहिताना माझी बोटं अडतात. मी तिला म्हणाले, "तुझं जपानी अजून कच्चं आहे. परक्या भाषेत सुरावरून अर्थ काढायचा नसतो. शब्द बघायचा." शाळेतल्या बाईसारखं, ठामपणे. ती "बरं मॅडम" म्हणाली.

बुधवारी सकाळपासून धुकं होतं. दरीत खालून वर चढत आलं आणि बाहुले अर्धे अर्धे दिसेनासे झाले. दुपारी शिवकन्या गाडीवरून परतली तेव्हा मी गावच्या कचेरीत पोरांचे कागद भरत होते. तिनं मला बाहेर बोलावलं. चेहरा पांढरा पडला होता.

"आज हात जमिनीवरून आला मॅडम. असा, सरपटत. डबा उचलताच येईना त्याला. मी उलीसा आत ढकलला. मला आत डोकवावं वाटलं, पन खालून ओकादांनी हॉर्न वाजवला."

"बोलले काही?"

"तेच. एराई. लई हळू."

मी ओकादांकडे गेले. त्यांनी कागद दाखवला. आवाज आला का? त्यापुढे गोल, म्हणजे होय. तीन दिवस, तीन गोल. "लाजाळू माणूस आहे," ते पुन्हा म्हणाले. मीही मान डोलावली. शिवकन्याला मोरी आजींकडे पाठवलं आणि तीनच्या बसनं येणाऱ्या आमच्या सामानाच्या खोक्यासाठी थांब्यावर जाऊन बसले.

बाकावर तेच चौघं. धुक्यात त्यांचे चेहरे पुसल्यासारखे. मी टोकाला, बाळवालीच्या शेजारी बसले. तीन दिवसांत बाहुल्यांची इतकी सवय झाली होती की पलीकडे पाचवी कोण बसलीय हे मी मोजलंही नाही.

मग पाचवी हलली.

 ती एक ठेंगणी म्हातारी होती, खरी, डोक्याला फडकं बांधलेली. कदाचित मी यायच्या आधीपासून तिथे बसली असावी. तिनं दोन्ही गुडघे हातांनी दाबले, डोळे मिटले, आणि म्हणाली, "एराई... एराई..."

मी आजूबाजूला बघितलं. ही कुणाचं कौतुक करतेय? मांडीवरच्या कापडी बाळाचं?

"आजी, कोण एराई?" मी विचारलं.

"गुडघे," ती म्हणाली. "आज धुकं ना. फार एराई."

तुम्हाला सांगते, मी अकरा वर्षं हा शब्द फळ्यावर लिहीत आलेय. शब्दकोशात त्याचे अर्थ एकाखाली एक आहेत. थोर. कौतुकास्पद. आणि त्या खाली, मी कधी शिकवला नाही तो: सोसवत नाही असं, त्रासदायक. ह्या बाजूला खेड्यात तोच रोजचा. आपल्याकडे नाही का, पुण्यात बेजार म्हणजे कंटाळलेला, वैतागलेला, आणि रेणापुरात 'म्हातारं बेजार हाय' म्हणजे अंथरुणाला खिळलेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बेजारचं माहीत होतं. एराईचं माहीत करून घ्यायला हवं होतं.

म्हणजे तीन दिवस दाराआडून तो माणूस म्हणत होता, सोसवत नाही. आणि माझी पोरगी, मी शिकवल्याप्रमाणे कमरेत वाकून, गोड आवाजात त्याला सांगत होती: अजून कुठं, अजून बरंच बाकी आहे.

मी धावले. कचेरीत ओकादा नव्हते. मोरी आजींच्या अंगणातून मी ओरडले, ते मराठीत की जपानीत मला आठवत नाही. शिवकन्या अनवाणी बाहेर आली. मोरी आजींनी फक्त "तानी-सान, एराई" एवढं ऐकलं आणि हातातलं भांडं तिथंच ठेवलं. आत जाऊन त्यांनी फोन फिरवला. आम्ही दोघी पुढे निघालो.

पायऱ्या शेवाळलेल्या. धुक्यात वरचं घर दिसत नव्हतं. शिवकन्या माझ्या पुढे दोन-दोन पायऱ्या चढत होती. दारापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी बघत राहिले. खरं सांगते, माझा हात दाराला लागेना. तिनंच सरकवलं.

ते सिमेंटवर कुशीवर पडले होते. एक पाय विचित्र वळलेला. ओट्याची कड त्यांच्या डोक्याच्या वर, हाताला लागेल अशी, पण चढता येणार नाही अशी. अंगावर ओढून घेतलेला एक रेनकोट. भिंतीला लागून ओळीत तीन डबे. पहिला अर्धा खाल्लेला. दुसऱ्याचं झाकण उघडून ठेवलेलं. तिसरा शिवकन्यानं ढकलला होता तिथंच.

डोळे उघडे होते. ते शिवकन्याकडे वळले. आणि आमच्या समोर, अगदी स्पष्ट, त्यांनी पुन्हा तो शब्द म्हटला.

ती ह्या वेळी काही बोलली नाही. सरळ खाली बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या ओढणीनं त्यांचे हात गुंडाळले. "आलो, आलो बाबा," ती म्हणत राहिली. मराठीत. मी स्वयंपाकघरातून पाणी आणलं. तेवढंच माझ्या हातून झालं. खाली रुग्णवाहिका पोचली तेव्हा पाच वाजले होते आणि भोंग्याचा सूर सुरू झाला होता.

कमरेचं हाड मोडलं होतं. थंडीनं शरीर गार पडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र निघाली नसती. पण वाचले. शनिवारी आम्ही त्यांना तालुक्याच्या इस्पितळात भेटलो. ओकादा त्यांच्या पलंगापाशी इतका वेळ वाकून उभे राहिले की नर्सनं त्यांना खुर्ची दिली. तानी आजोबांनी शिवकन्याचा हात धरला. ते हळूहळू बोलत होते. सोमवारी सकाळी ओट्यावरून पडले. आधी भिंतीला धरून थोडं उठता येत होतं, मग तेही जमेना. "मोठ्यानं ओरडलो असतो," ते म्हणाले, "पण परक्या देशातलं लेकरू. घाबरून पळालं असतं. म्हणून हळू सांगितलं. ती खाली जाऊन सांगेल असं वाटलं." मग जरा हसले. "तिनं सांगितलं, अजून बाकी आहे. मी विचार केला, असेल."

मी ते शिवकन्यासाठी मराठीत केलं नाही. तिला कळलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी बस तानी आजोबांच्या पायऱ्यांखालून गेली. सगळ्यात खालच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. नवा बाहुला, अंगात तपकिरी जुनं जाकीट. मोरी आजी आम्हाला सोडायला बसमध्ये होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

"ते मुलीकडे जाणार, शहरात," आजी म्हणाल्या. "परत येणार नाहीत. माणूस गेलं की आम्ही करतो."

"पण ते जिवंत आहेत."

"हो," त्या म्हणाल्या, जणू मी काही वेगळंच विचारलं होतं. "काल रात्री तिघींनी बसून शिवला. चेहरा छान झाला ना?"

बस वळणावर गेली तरी शिवकन्या मागच्या काचेतून बघत होती.

आता व्यवहाराचं. सहल करावी का? करावी. घरं स्वच्छ, माणसं जीव लावणारी, पोरांची भाषा दोन आठवड्यांत वर्षभराएवढी पुढे जाते. ओंकार टोफूवाल्याशी आता मोबाईलवर तासन्‌तास बोलतो. मात्र ज्या भागात पोरं राहणार, तिथली बोली शिकवणाऱ्या बाईनं आधी शिकून घ्यावी. आणि कामाच्या जागी पहिला दिवस पोरांसोबत स्वतः जावं, कागद भरत बसू नये.

लातूरला परतल्यावर आठवड्यानं सत्कार झाला. मागे फलक: लातूरच्या कन्येनं जपानमध्ये वाचवले प्राण. माझंही नाव खाली, मार्गदर्शक म्हणून. भाषण करायला उभी राहिले आणि लिहून आणलेला कागद घडी करून ठेवला. जे घडलं ते सगळं सांगितलं. हात खालून आला हे तिनं दोनदा सांगितलं होतं, आणि दोनदा मी तिला गप्प केलं, हेही. प्राचार्य माझ्या शेजारी कुजबुजले, "मॅडम, इतकं सांगायची काय गरज होती?"

पुढच्या ओळीत मन्मथप्पा बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे. ते उभे राहिले आणि व्यासपीठावरच्या लेकीला विचारलं, "बाई, म्हातारं म्हनत काय होतं गं? म्हनून दाखव की."

शिवकन्यानं माईक खाली ठेवला. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "एराई... एराई..."

तोच आवाज.  सभागृहात शेवटच्या रांगेतलं कुजबुजणं थांबलं. जपानीचा एक शब्द न येणारी तीनशे माणसं तिथे होती.

"अगं, हे तर कन्हून राहिलंय माणूस," मन्मथप्पा म्हणाले.

"हाव अप्पा," शिवकन्या म्हणाली. "मला बी तसंच वाटलं होतं. पन मी मॅडमला इचारलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जसं झालं तसं सांगितलं तिनं.